पडद्यामागची गोष्ट

दुपारचे तीन वाजले की माझ्या हॉलमध्ये एक पाहुणा येतो. बेल नाही, फोन नाही, सरळ खिडकीतून आत. आधी गादीवर लोळतो (सोफा अजून विश लिस्टमध्येच आहे), मग हळूहळू टेबलावर चढतो आणि साडेतीनला माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर ठाण मांडून बसतो. पश्चिमेचं ऊन! स्क्रीनवर अक्षरांऐवजी स्वतःचाच चेहरा दिसायला लागतो आणि पाचपर्यंत द्यायचा लेख तसाच राहतो. फ्रीलान्सर बाईचं ऑफिस म्हणजे तिचा हॉल. ‘आज ऊन होतं म्हणून कॉपी उशिरा’ हे कारण मी एकदा एडिटरला सांगूनही पाहिलं. पुन्हा सांगणार नाही.

कर्वेनगरातला हा फ्लॅट मी आणि माझी रूममेट सकाळी नऊला बघायला गेलो होतो. मस्त गार, मंद उजेड, समोर गुलमोहर. पश्चिमेच्या खिडक्यांचे फ्लॅट ब्रोकर लोक सकाळीच का दाखवतात, हे आता कळलंय. तुम्ही घर शोधत असाल तर तेवढं लक्षात ठेवा, बाकीचा कॉलम नाही वाचलात तरी चालेल!

तर, पडदे हवे होते. लक्ष्मी रोडवरच्या एका चकाचक दुकानात गेले. तिथल्या दादांनी धडाधड वीस कापडं समोर उलगडली आणि कॅल्क्युलेटरवर बोटं नाचवली. कापड, अस्तर, आयलेट, शिलाई... हॉलच्या एका खिडकीचे साडेचार हजार. ‘‘आणि रॉड?’’ ‘‘रॉड वेगळा, मॅडम.’’ रूममेटने माझ्याकडे असं पाहिलं, की आम्ही दोघी पाणीसुद्धा न पिता बाहेर पडलो.

पैशांचं सोडा (सोडवत नाही, पण तरी). मुद्दा दुसराच आहे. आमचा करार अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांनी काका भाडं वाढवणार, आम्ही तोंड पाडणार, आणि कदाचित पुन्हा बॉक्स बांधायला बसणार. पुढच्या घराची खिडकी सहा फुटी निघाली तर साडेचार हजारांच्या पडद्याचं काय करायचं? त्यात भिंतीला हात लावायचा नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, इतकं मला ठाऊक आहे. खिळ्यांबद्दल कायदा काय म्हणतो कोण जाणे, घरमालक मात्र स्पष्ट बोलतात : ‘‘एक चूकसुद्धा ठोकायची नाही.’’ चूक म्हणजे बारका खिळा. दोन्ही अर्थांनी बरोबर होतं ते.

आणि चुका मी केलेल्या आहेत. मागच्या घरात भिंतीवर झाडाचं स्टिकर लावलं होतं. झाडाच्या फांदीवर दोन चिमण्या. घर सोडताना स्टिकर ओढलं तर चिमण्यांबरोबर भिंतीचा रंगही उडाला आणि डिपॉझिटमधून तीन हजार कापले गेले. एका चिमणीचे दीड हजार! त्यामुळे रीलमध्ये कुणी हसत हसत ग्लू गन आणि स्टिकरचा रोल हातात घेतला की मी लगेच पुढे सरकते. भाड्याच्या घरात सजावटीचा माझा एकच नियम आहे. जे भिंतीला चिकटतं ते नको, जे घडी घालून बॅगेत जातं ते हवं. म्हणजे शेवटी कापडच.

त्या शनिवारी मी साताऱ्याला आईकडे गेले. येताना सोबत दोन गोष्टी आणल्या, आणि त्या दोन्ही आजीच्या होत्या.

पहिली, तिचं शिलाई मशीन. काळं कुळकुळीत हातमशीन, अंगावर सोनेरी नक्षी, निम्मी पुसलेली. लाकडी झाकणासकट इतकं जड, की स्वारगेटला उतरेपर्यंत माझा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब झाला असावा. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. मशीनकडे बघून कंडक्टर म्हणाला, ‘‘हिचं पण हाफ काढू का?’’

दुसरी, साडी.

आजी जाऊन दोन वर्षं होतील. ही आईची आई. तिच्या ट्रंकेत बऱ्यापैकी साड्या होत्या. बऱ्याचशा वाटून झाल्या, तीन आईने ठेवल्या. त्यातली एक इरकली मी मागितली. गडद निळं सुती अंग, बारीक चौकडी, लाल काठ आणि तो खास इरकली लाल पदर, पांढऱ्या कंगोऱ्यांचा. आईला वाटलं, मी नेसायला मागतेय. खूश झाली. मी म्हटलं, ‘‘नेसायला नाही गं. पडदे करायचेत.’’

आई काही बोलली नाही. भाजी निवडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘कात्री लावणार तू तिला?’’

मी माझं सगळं भाषण केलं. ट्रंकेत पडून पडून कापड घडीवर विरतं, डांबरगोळ्यांचा वास घेत पडण्यापेक्षा रोज डोळ्यांसमोर राहील, आजी स्वतः जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायचीच की! मास कॉमला असताना डिबेटमध्ये मला बक्षीस मिळालं होतं, त्याचा फायदा. आई म्हणाली, ‘‘ती फाटलेल्या साड्यांच्या शिवायची. धडक्या नाही.’’ मग उठली, आत गेली, साडी घेऊन आली आणि माझ्या बॅगेत ठेवली. ‘‘पदर तेवढा ठेव.’’ बस. एवढंच.

आता थोडं कामाचं बोलू या, कारण तुमच्याही घरी अशी ट्रंक असणारच.

पडद्यासाठी साडी निवडायची ती सुतीच. रेशीम दिसायला राजेशाही, पण रोजचं कडक ऊन त्याला सोसत नाही, धागा कमकुवत होत जातो आणि एक दिवस नुसता ओढला तरी फाटतो. आईची पैठणी खिडकीला लावायचा विचार कुणाच्या मनात असेल तर आत्ताच काढून टाका. जॉर्जेट, शिफॉनला ऊन चालतं, पण मशीनखाली ती मांजरीसारखी निसटतात. शिवायचीच असतील तर कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून टीप मारायची आणि मग कागद फाडून काढायचा. (वर्तमानपत्राचा उपयोग संपलेला नाही, हे मी व्यावसायिक अभिमानाने नोंदवते.) शाई कापडाला लागत असेल तर कोरा कागद घ्या.

जुन्या सुती साडीचा मोठा फायदा म्हणजे ती आटायची तेवढी आधीच आटलेली असते. नवीन सुती कापड आणलंत तर आधी भिजवून वाळवा आणि मगच कापा, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर पडदा खिडकीच्या मध्यावर येऊन थांबतो. पण जुनी साडी तपासून घ्यावी लागते. ती उजेडासमोर धरायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जिथे रोज बसून बसून घासली गेलीय तिथे जाळीसारखा उजेड दिसतो. टाचेकडचा काठही झिजतो, फॉल लावतात तो त्यासाठीच. आजीची साडी मी रात्री ट्यूबलाइटसमोर धरली तेव्हा रूममेट दुसरं टोक धरून उभी होती. साडेपाच मीटरमध्ये एकच विरलेली जागा सापडली, निऱ्यांच्या अलीकडे, रुपयाएवढी. तिथे आजीने आधीच रफू केलेलं होतं. निळ्यावर निळा दोरा, बोट फिरवल्याशिवाय कळणार नाही असं. आम्ही दोघी बराच वेळ ते बघत बसलो.

मग हिशेब. साडीची लांबी साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंच, पन्हा ४५ इंच. माझी खिडकी पाच फूट रुंद आणि चार फूट उंच. पडद्याला छान चुण्या पडायच्या तर कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट तरी लागतं. साडी आडवी लावली तर पन्हा म्हणजेच उंची, ४५ इंच, आणि खिडकी ४८ ची. बोंबला! म्हणून साडीचे आडवे तुकडे करायचे आणि ते उभे लटकवायचे. ४५ इंची तीन तुकडे म्हणजे १३५ इंच, ६० इंची खिडकीला दुपटीहून जास्त. शिवाय यात एक बोनस आहे. साडीचे काठ पडद्याच्या दोन्ही बाजूंना उभे येतात, ते विणतानाच पक्के झालेले असतात, त्यामुळे कडांना टीप मारायची गरजच नाही. वर रॉड जाण्यासाठी नेफा आणि खाली दुमडून शिवण, बस. नेफा म्हणजे आपला सलवारीचा नेफा तोच, नाडीऐवजी रॉड. आयलेट बियलेट काही नको.

रॉडचा प्रश्न देवाने सोडवला होता. आधीच्या भाडेकरूंनी खिडकीच्या चार इंच वर दोन ब्रॅकेट ठोकून ठेवली होती, आणि त्यांचं पाप आम्हाला पुण्य म्हणून मिळालं. बोहरी आळीतून सहा फुटी स्टीलचा पाइप आणला, २८० रुपये. तो रिक्षातून आणण्याचे वेगळे किस्से आहेत, ते पुन्हा कधीतरी.

मशीन मात्र रुसलं होतं. दोन वर्षं तेल नाही, हात नाही. रविवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी ते उघडलं, आतून कापसाचा एवढा मोठा गोळा काढला आणि म्हणाले, ‘‘शिवत होतं कोण? बाई नेटकी होती. सुई बदललीये वेळच्या वेळी.’’ मला का कोण जाणे, आपलाच सत्कार झाल्यासारखं वाटलं. चारशे रुपये घेतले. तेलाची बाटली ४०, तुळशीबागेतून चौदा नंबरच्या सुया ३०, दोऱ्याची दोन रिळं ६०. सुती कापडाला चौदा नंबर चालतो, जीन्ससारख्या जाड्याभरड्याला सोळा, अगदी पातळ असेल तर अकरा.

रविवारी दुपारी फरशी पुसली, साडी पसरली. इस्त्री केली होती, हलका स्टार्चही, म्हणजे कापताना कापड हलत नाही. खडूने खुणा केल्या. खिडकी ४८, वर रॉडपर्यंत ४, खाली २. एकूण ५४. पदराकडचा भाग वगळून ५४ चे तीन तुकडे. म्हटलं, एक एक कशाला कापायचा? साडीची तिहेरी घडी घातली, नीट टाचण्या लावल्या आणि कात्री चालवली.

एकदा आवाज आला तो अजून लक्षात आहे. सुती कापड कापताना करकर असा येतो ना, तसा. हात थरथरला वगैरे काही नाही. उलट इतकं सरळ कापलं गेलं, की मी रूममेटला बोलावून दाखवलं.

हातमशीनची गंमत अशी, की उजवा हात हँडल फिरवण्यात जातो आणि कापड सांभाळायला उरतो एकटा डावा. आजी ते लीलया करायची. माझी टीप मात्र सिंहगडाच्या रस्त्यासारखी वळणं घेत निघाली. शेवटी रूममेट समोर बसली, ती हँडल फिरवणार आणि मी दोन्ही हातांनी कापड धरणार. दिवसभर हिंजवडीत कोडिंग करणारी मुलगी ‘स्लो... स्लो... स्टॉप!’ अशा माझ्या ऑर्डरी ऐकत होती. तासाभरात आमचं जमलं. पहिला पडदा तयार. वर तीन इंचांचा नेफा, खाली चार इंचांची शिवण.

पाइप ओवला. ब्रॅकेटवर चढवला. दोघी मागे सरकून उभ्या राहिलो, हात कमरेवर.

पडदा खिडकीच्या खालच्या चौकटीच्या पाच इंच वर लोंबत होता.

मला आधी कळेचना. टेपने पुन्हा मोजलं. ४८, ४ आणि २, ५४. बरोबर. मग लख्ख प्रकाश पडला, म्हणजे अक्षरशः पडला, त्या पाच इंचांच्या फटीतून थेट टेबलावर. नेफ्याचे तीन आणि शिवणीचे चार, असे सात इंच मी धरलेच नव्हते. आणि एक नाही, तिन्ही तुकडे ५४ चेच कापून झाले होते. हुशारी करून, तिहेरी घडी घालून.

रूममेट म्हणाली, ‘‘इट्स ओके, शिवण उसवून टाक ना.’’ उसवली तरी चारच इंच मिळणार, खालची कड कच्ची, तरीही एक इंच फट राहणारच. साडी उरली होती ५४ इंच. त्यातलं निम्मं अंग आणि निम्मा, बरोबर २७ इंच, पदर.

ग्राफिक डिझायनिंगमध्ये ‘अन्डू’ असतं, लेखात असतं, व्हॉट्सअॅपवर सुद्धा मेसेज डिलीट करता येतो. कापडाला तसलं काही नसतं. चुकीच्या जागी कापलं म्हणजे कापलं. मी फरशीवर त्या तुकड्यांच्या मध्ये बसले आणि पहिल्यांदाच मला आईचं ते भाजी निवडणं आठवलं. मी तिच्याकडून ‘आजीची साडी’ आणली होती. तिने दिली होती ती तिच्या आईची. डिबेट मी जिंकले होते, पण माझ्या बाजूने बोलताना मी एवढी साधी गोष्ट ध्यानातच घेतली नव्हती.

फोन करू की नको करता करता रात्री नऊला केला. तिकडे सीरियलचा आवाज. मी सरळ सांगून टाकलं, ‘‘आई, पडदे आखूड झाले. तिन्ही. मी नेफा धरायला विसरले.’’

टीव्हीचा आवाज बंद झाला. मी ओरडा खायच्या तयारीत.

‘‘किती आखूड?’’

‘‘पाच इंच. पण चौकटीच्या खाली थोडे यायला हवेत, म्हणजे नऊ-दहा धर.’’

‘‘मग पट्टी जोड.’’

‘‘अगं, पण...’’

‘‘तुझे फ्रॉक नव्हते का वाढवलेले? दर जूनला आखूड व्हायचे. आई खाली पट्टी लावायची, वर लेस. लोकांना वाटायचं, फॅशनच आहे. तुझ्या चौथीच्या गॅदरिंगचा फोटो बघ.’’

मला तो फ्रॉक आठवला. पिवळा, खाली हिरवी पट्टी. मला तो फार आवडायचा, आणि ती पट्टी आखूड झालेला फ्रॉक लपवण्यासाठी आहे, हे मला या फोनपर्यंत माहीत नव्हतं!

‘‘निळ्यातली पट्टी लावली तर जोड दिसेल गं,’’ मी म्हटलं. ‘‘चौकडी जुळणार नाही.’’

तिकडे शांतता. मग आई म्हणाली, ‘‘पदर किती भरतो?’’

‘‘सत्तावीस इंच.’’

‘‘नऊ-नऊच्या तीन होतील.’’

‘‘पण तू म्हणाली होतीस...’’

‘‘म्हणाले होते. आता लाव. आणि तिहेरी घडी घालून कापू नकोस.’’

तुमच्यापैकी कुणी इरकली हाताळत असेल तर एक सांगते. या साडीचा पदर अंगापेक्षा वेगळ्या ताण्याचा असतो, दोन्ही ताणे एकमेकांत अडकवून जोडतात. इरकलचे विणकर त्याला कोंडी म्हणतात. इरकल म्हणजे कर्नाटकातलं, बागलकोट जिल्ह्यातलं इळकल गाव. साडी मात्र आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगावरची. हा जोड कापू नये, त्याच्या जरा पलीकडून पदराच्या बाजूला कात्री लावावी आणि कापलेली कड लगेच दुमडून पक्की करावी, नाहीतर धागे सुटत जातात. लाल रंग आहे, म्हणून आधी पांढरं ओलं फडकं घासून बघायचं. माझा रंग नाही लागला. जोडाच्या अलीकडे मी चार-पाच धागेच सोडले, म्हणून पट्ट्या जेमतेम नऊ-नऊच्या झाल्या.

मशीन पुन्हा अडलं, तेही सांगायला हवं. पदराची पट्टी जोडताना वरून टीप छान दिसत होती, उलटून बघितलं तर खाली दोऱ्याची नुसती भेंडोळी. मशीनची टीप म्हणजे दोन दोऱ्यांची गाठभेट. एक वरच्या रिळाचा, दुसरा खालच्या बॉबिनचा. दोघांचा ताण सारखा असेल तर त्यांची गाठ कापडाच्या बरोबर मध्ये पडते आणि कुणालाच दिसत नाही. खाली भेंडोळी दिसली की वरचा दोरा सैल समजायचा, वर गाठी दिसल्या की तो जास्त घट्ट. वरच्या छोट्या चकतीला टेन्शन म्हणतात, ती अर्धा-अर्धा आटा फिरवून आणि दर वेळी चिंधीवर टीप मारून बघायची. रूममेटला हे नाव फारच आवडलं. ‘‘म्हणजे मशीनचं टेन्शन वाढवायचं आणि आपलं कमी करायचं?’’ साधारण तसंच. अर्थात चकतीला हात लावण्याआधी वरचा दोरा काढून पुन्हा नीट ओवून बघा. दहातल्या आठ वेळा घोटाळा तिथेच असतो.

बुधवारी रात्री साडेअकराला तिसरा पडदा चढला. ५४ मधून नेफ्याचे तीन गेले, जोडात अर्धा, खाली लाल पट्टीने साडेसहा दिले. तयार पडदा ५७ इंच, चौकटीच्या खाली पाच इंच. निळं अंग, दोन्ही बाजूंना लाल काठ, तळाला आजीचा पदर. आणि एका पडद्यात, साधारण मध्यावर, रुपयाएवढं ते रफू.

उरलेल्या निळ्या तुकड्यातून, २७ बाय ४५ मधून, काय झालं? १७ इंच रुंद आणि पूर्ण पन्ह्याएवढी एक पट्टी घेतली, दोन्ही टोकं पाकिटासारखी आत दुमडली आणि दोन बाजूंना टीप मारली. सोळा इंची उशीचा अभ्रा तयार, चेन नाही की बटण नाही, आणि मागच्या बाजूला काठच येतो म्हणून ती कडही शिवायला नको. राहिलेल्या दहा इंचांतून पडदे बांधायच्या तीन पट्ट्या झाल्या. जुन्या टी-शर्टच्या पट्ट्यांची वेणी घालून पायपुसणंही सुरू केलं आहे, पण ते तीन आठवडे चहाच्या बशीएवढंच आहे, त्यामुळे त्याबद्दल न बोललेलं बरं.

हिशेब मांडते, कारण ‘स्वस्तात’ म्हणणाऱ्या लेखांत तो कधीच पूर्ण नसतो. पाइप २८०, दुरुस्ती ४००, तेल ४०, सुया ३०, दोरा ६०. एकूण ८१०. दुकानातले साडेचार हजार, तेही रॉडविना. पण दोन वीकेंडमधले आणि तीन रात्रींचे मिळून चौदा तास गेले, तेही धरा. तुमच्या कंपनीच्या पगाराच्या हिशेबाने चौदा तासांची किंमत काढलीत तर दुकानातला पडदा स्वस्त पडेल. मी माझ्या मानधनाच्या हिशेबाने काढली. शिवलेलाच स्वस्त पडला. हसू नका.

गेल्या रविवारी आई आली. येताना चिवडा, मेतकूट, आणि घर बघायचं म्हणून नेहमीचा तपासणी अधिकाऱ्याचा चेहरा. मी मुद्दाम तिला काही दाखवलं नाही. चहा टाकला आणि स्वयंपाकघराच्या दारातून बघत उभी राहिले.

ती थेट खिडकीपाशी गेली. पडद्याला हात लावला. आणि पहिलं काम काय केलं, तर तो उलटून मागची टीप बघितली! शिवणाऱ्या घरातल्या बायका सगळ्या अशाच, समोरून कुणी बघतच नाही. एका पडद्याची बघितली, दुसऱ्याची बघितली. तिसऱ्यापाशी थांबली. निळ्यावर बोट फिरवत फिरवत वर गेली आणि मधेच बोट थांबलं.

‘‘हे रफू मी सहावीत असताना झालंय,’’ ती म्हणाली. ‘‘गावच्या जत्रेत तारेत अडकली होती. माझ्यामुळे.’’

ही गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. साडी इतकी जुनी आहे, हेही माहीत नव्हतं.

तीन वाजले होते. ऊन आलं, नेहमीच्या वेळेला, पण पडद्यावर अडलं. खालच्या लाल पट्टीतून फरशीवर एक लालसर झाक उतरली होती. आई त्यात पाय ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग तिने खालची शिवण पुन्हा हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली.

‘‘ही पहिल्या पडद्याची पट्टी वाकडी गेलीय गं. दोऱ्याची भेंडोळी राहिलीये मागे.’’

‘‘तेव्हा टेन्शन सैल होतं,’’ मी म्हटलं.

‘‘उसव ती. कात्री आण छोटी.’’ तिने पाइप खाली घ्यायला लावला, चष्मा शोधला, मशीनचं लाकडी झाकण काढून बाजूला ठेवलं आणि दोरा ओवला, एका झटक्यात, तोंडात न धरता. कापड दोन्ही हातांनी सुईखाली सरकवलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

‘‘बस समोर. हँडल फिरव. हळू.’’